आमच्या खालचे रेकॉर्डिंगवाले

या, अशा जवळ या. दारापाशी काय बसता परक्यासारखे? आणि काय हो, गाणं असं ऐकतात? फोन गादीवर पालथा टाकलाय, गाणारा बिचारा उशीत तोंड खुपसून रडल्यासारखा वाटतोय. उचला आधी. आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांनी हे पाहिलं असतं, तर ते तुम्हाला काही बोलले नसते. नुसतं "अरेरे" म्हणाले असते आणि फोन उचलून स्टीलच्या वाटीत उभा करून ठेवला असता.

त्यांचं सगळं असंच होतं. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी उंबऱ्यात उभे राहून एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान तिरकी करून थांबायचे. नव्या माणसाला वाटायचं, आता आरती सुरू होणार. कुणी घाईघाईने हातही जोडायचं. आणि हे म्हणायचे, "हॉल छान आहे हो तुमचा. पण ती सोफ्यामागची भिंत फार बोलते. तिला एक गोधडी घाला."

आमच्या इमारतीतल्या निम्म्या भिंतींना त्यांच्यामुळे गोधड्या मिळाल्या.

कोपर स्टेशनजवळ आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो आणि बरोबर आमच्या स्वयंपाकघराखाली त्यांचा स्टुडिओ. आधी तिथे रेशनचं दुकान होतं. तो गाळा त्यांनी घेतला, महिनाभर आत कसली तरी ठोकाठोक केली आणि बाहेर पाटी लावली. आम्हाला वाटलं, फोटो स्टुडिओ. आमच्या ह्यांनी पासपोर्ट साइज फोटोसाठी शर्ट बदलून खाली जायची तयारीसुद्धा केली होती.

ओळख झाली ती शेंगदाण्याच्या कुटामुळे. मी वर खलबत्त्यात कूट करत होते, तोच बेल वाजली. दारात एक किडकिडीत गृहस्थ, गळ्यात हेडफोन, चेहरा अगदी रडवेला.

"वहिनी, तुम्ही कुटताय का?"

"हो. का? हवंय का थोडं?"

"नको. खाली एक बाई देवीचं गाणं म्हणतायत. सकाळपासून पहिल्यांदा सूर लागलाय. पण त्यांच्या प्रत्येक ओळीत तुमचा बत्ता पडतोय. आणि वहिनी, तो तालातही नाही."

मला असा राग आला! माझ्या घरात मी तालात कुटू की बेतालात? पण माणूस इतका अजिजीने बोलत होता, की मी बत्ता खाली ठेवला आणि चहा टाकला. चहा घेता घेता त्यांनी तोडगा काढला. दुसऱ्याच दिवशी खालून एक वायर वर आली आणि आमच्या ओट्यावर एक लाल दिवा बसला. दिवा लागला की खाली रेकॉर्डिंग. मग खलबत्ता बंद, मिक्सर बंद, भांडी घासणं बंद. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. दिवा लागला की त्या लांबूनच नमस्कार करायच्या. त्यांना खरं काय ते सांगायचं आमच्यापैकी कुणाच्या जिवावर आलं नाही.

मी त्यांना भावजी म्हणायला लागले. भावजी मूळचे आंबिवलीचे. लहानपणी घरोघरचे रेडिओ उघडून बसायचे. काही दुरुस्त व्हायचे, काही कायमचे गप्प व्हायचे. मग मुंबईत एका मोठ्या स्टुडिओत लागले ते वायरी गुंडाळायला. तिथे टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडायचे. गाणाऱ्याचा चुकीचा श्वास कापून जमिनीवर पडायचा आणि हे तो केराबरोबर झाडून काढायचे. हे सांगताना स्वतःच हसायचे, "कितीतरी मोठ्या माणसांचे श्वास मी सुपलीत भरलेत, वहिनी." हळूहळू मशिनसमोरच्या खुर्चीवर बसायला मिळालं. सगळं काम कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा म्हणाले, आता रोज मुंबई कशाला? आणि आमच्या खाली येऊन बसले.

मी एकदा विचारलं, "रेकॉर्डिंग कळलं हो. पण हे मास्टरिंग म्हणजे काय?"

"डबा भरणं," ते म्हणाले. "स्वयंपाक दुसऱ्याने केलाय. चव बिघडवायची नाही. पण तो डबा कुणी ऑफिसात उघडेल, कुणी झाडाखाली, कुणी रिक्षात. कुठेही उघडला तरी आमटी सांडलेली नको आणि पोळी वातड झालेली नको."

मला लगेच कळलं. जन्मभर डबेच तर भरले होते.

आणि डबा नीट भरलाय की नाही हे बघायला यायचे ते माझ्याकडेच. हातात एक छोटा स्पीकर. "वहिनी, कुकर लावताय का?" मग ओट्यावर गाणं सुरू, शेगडीवर कुकर. शिट्टी झाली की मला विचारायचे, "शब्द काय होता?" मला सांगता आला तर गाणं पास. नाही आला तर पुन्हा खाली. गणपतीच्या आरत्या, हळदीची गाणी, बँजोवाल्यांचे कार्यक्रम, सगळं माझ्या वरणभाताबरोबर शिजलंय. एकदा विठ्ठलवाडीचा एक रॅपवाला मुलगा आला होता. त्याला सगळं "फुल लाऊड" हवं. "काका, फाटलं तरी चालेल!" भावजींनी त्याला वर आणलं, कुकरसमोर बसवलं. शिट्टी झाल्यावर मी म्हटलं, "बाळा, मला फक्त 'ये' एवढंच कळलं." पोरगा इतका हसला, की खाली जाऊन आपणहून आवाज कमी करून घेतला. मला अजून दिवाळीला मेसेज करतो, "काकी, ये!"

पण मला सांगायचंय ते धवलारीण आजींचं. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी करणारी बाई. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही. या आजी जवळच्याच गावातल्या. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही. नातीचं लग्न वैशाखात. नात इंजिनिअर, हुशार. तिची एकच इच्छा होती, माझ्या हळदीला आजीचाच धवला हवा. म्हणून ती आजीला घेऊन स्टुडिओत आली.

मीही खाली गेले होते बघायला. आजी नऊवारीत ताठ बसलेल्या, समोर माइक. भावजींनी लाल दिवा लावला, हाताने खूण केली. आजी खोलीभर बघत राहिल्या. पुन्हा खूण. आजींनी नातीला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "लगीन कोनाचा हाय?"

"आजी, माझंच की! वैशाखात," नात म्हणाली.

"मंग वैशाखान गाईन. हलद नाय, मांडव नाय, नवरी जीन घालून बसलीय. धवला रिकामा गात नाय."

"अगं, पण वैशाखात तुझा आवाज..." नातीने तिचा हात धरला.

भावजींनी भल्याभल्यांना गातं केलं होतं. त्यांनी पाणी दिलं, गप्पा मारल्या, "नुसती आवाजाची टेस्ट करू" म्हणून पाहिलं. आजी बधल्या नाहीत. वर म्हणाल्या, "आनि तुजी यी खोली कसली रं? बोलला का आवाज खाते. हितं देव पन ऐकनार नाय." ज्या खोलीच्या शांततेसाठी या माणसाने भिंतींत कापूस कोंबला होता, तिची ही किंमत! भावजींचं तोंड एवढंसं झालं. नात रडायला लागली. दोन दिवसांवर तर दवाखाना.

मी आपली वातावरण सैल करायला म्हटलं, "चला गं, वर चहा घ्या. मला पण घाई आहे, संध्याकाळी आमच्याकडे तुळशीचं लग्न."

आजींनी मान वळवली. "लगीन हाय?"

"तुळशीचं, आजी."

"तुलस काय पोरगी नाय? मंग आदी बोलाचा ना!" आणि पदर खोचून त्या उठल्याच.

पुढचं काय सांगू! आमच्या गॅलरीचा ताबाच घेतला त्यांनी. हळद कमी म्हणून मला ओरडल्या, ऊस वाकडा बांधला म्हणून आमच्या ह्यांना. नातीला माझी साडी नेसवायला लावली, "करवली अशी नसते" म्हणाल्या. सगळ्या मजल्यांवरच्या बायका जमल्या. भावजी गुडघ्यांवर बसून खिडकीच्या गजांना माइक बांधत होते. ज्या माणसाने आम्हाला भांडं आपटू दिलं नाही, त्याच्याभोवती पोरं नाचत होती, खाली फटाके वाजत होते, शेजारणीचं बाळ टाहो फोडत होतं.

आजींनी डोळे मिटले आणि धवला सुरू झाला. त्यांनी एकेका देवाला नावाने बोलावलं, खाडीकाठचे, डोंगरावरचे, कुठकुठचे. आवाज चिरका नव्हता, गोडही नव्हता. शेतातून कुणी आपल्याला हाक मारावी तसा होता. मी हातात अक्षता धरून उभी राहिले ती राहिलेच. भावजींकडे पाहिलं, तर ते हेडफोन गळ्यात घेऊन, उघड्या कानांनी ऐकत होते.

आजी दवाखान्यात गेल्या आणि भावजी त्या रेकॉर्डिंगमागे लागले. आठवडाभराने वर आले. सगळं धुऊनपुसून काढलेलं. फटाके गायब, बाळ गायब, बांगड्या गायब. नातीने तसंच सांगितलं होतं. आवाज काचेसारखा स्वच्छ. कुकरची शिट्टी झाली, मला प्रत्येक शब्द कळला.

"पास!" मी म्हटलं.

भावजींनी स्पीकर बंद केला. "नाही वहिनी. आजी एकटी पडली."

आणि खाली जाऊन त्यांनी सगळी माणसं परत आणली. एकेक बांगडी, एकेक फटाका. बाळाला थोडं लांब बसवलं, एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. आजी ठणठणीत. पण आवाज गेला तो गेलाच. उरला तो एक जाड, खरखरीत घोगरेपणा. बोलायच्या तरी मोजकंच.

वैशाखात हळदीला आम्हाला आमंत्रण. अंगणभर मांडव, आणि डीजेचे कपाटाएवढे स्पीकर. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून त्या डीजेच्या टेबलामागे बसलेले, घामाने चिंब. मला हळूच म्हणाले, "वहिनी, आजी याला रिकामा म्हणाल्या तर?" त्यांना दुसऱ्या कशाची भीती नव्हती. आजी पाटासमोर बसल्या होत्या, तोंड घट्ट मिटून. मशीनमधला धवला आपण ऐकून घेतोय, हेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भावजींनी सुरू केलं. आधी फटाका, मग बाळ, मग बांगड्या. आणि मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा माझाच आवाज, "अहो, तो ऊस धरा नीट, बाळकृष्णाच्या डोक्यात पडेल!"

मांडव फुटला हसून. मी तोंड लपवलं. आमचे हे मात्र ऐटीत सगळ्यांना सांगत होते, "तो ऊस मी धरलेला."

आजींचा चेहरा सैलावला. नातीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "मांडव भरलेला हाय गो." आणि हळदीत बोटं बुडवली.

स्पीकरमधून त्यांचाच आवाज देवांना बोलावत होता आणि त्या विधी करत होत्या. मध्येच हात थांबवून स्पीकरवर डाफरल्या, "यवरी घाई कशाला गो तुला? जरा दम धर!" भावजींनी लगेच तिथे थांबवलं. आजींचं झालं, तसं पुन्हा सोडलं. पुढच्या ओळीला आजी त्या घोगऱ्या आवाजात स्वतःच्याच जुन्या आवाजाखाली गायला लागल्या. मग सुनेने सूर धरला. मग भावकीतल्या बायकांनी. ज्यांना शब्द येत नव्हते त्या स्पीकरकडे कान लावून मागून म्हणत होत्या. हळद लावून घेता घेता नवरीही गायला लागली.

मी भावजींकडे पाहिलं. त्यांचं बोट आवाजाच्या सरकत्या बटणावर होतं. बायकांचा आवाज जसा चढत होता तसं ते बोट केसाएवढं खाली, आणखी केसाएवढं खाली सरकत होतं. मशीन बंद कधी झालं, मांडवात एकालाही कळलं नाही. धवला चालूच होता. भावजींनी बोट उचललं, खिशातून रुमाल काढला आणि घाम म्हणून डोळे पुसले.

आता आमची इमारत पाडून नवी बांधतायत. आम्ही तात्पुरते ठाण्यात लेकीकडे आहोत, भावजी आंबिवलीला भावाकडे. पण घरी सापडतील तर शप्पथ! आजींनी त्यांना गावोगावच्या धवलारणींकडे धाडलंय. जिथे खरं लग्न असेल तिथे हे माइक घेऊन हजर, मांडवाच्या कोपऱ्यात. फोन केला की मागे वाजंत्री आणि हे ओरडतात, "वहिनी, हळद चाललीय, नंतर करतो!" तो नंतर काही येत नाही. मीही समजून घेते. लग्नघरातून उठवून कुणाला बोलवायचं नसतं.

पण भावजी, लग्नसराई कधीतरी संपेलच ना? परवा लेकीने विचारलं, कुकर लावल्यावर तू अशी उभी का राहतेस? काय सांगू तिला? त्या नव्या आज्यांचं जे काही डब्यात भरलं असेल ते घेऊन या. जेवायलाच या. आणि लवकर या हो.