पुढची बोट, पाऊसपाणी झाल्यावर

आमच्या गारखेड्याच्या घरात एक कायदा आहे. नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी घर सोडून कुणी कुठं जायचं नाही. हा कायदा आमच्या ह्यांनी केला आणि नोकरीतल्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त निष्ठेनं पाळला. मुलानं आम्हा दोघांसाठी मुंबई ते गोवा आणि परत अशी बोटीची तिकिटं काढली, तेव्हा ह्यांनी पंचांग पाहावं तसे बोटांवर दिवस मोजले आणि शांतपणे सांगितलं, "मधल्याच दिवशी पाणी आहे. तू जा. मी टाकी भरतो."

"मी काय बोटीवर एकटी फुगडी घालू?"

ह्यांनी आतल्या खोलीकडं हनुवटीनं खूण केली. आत अक्का गहू निवडत बसल्या होत्या. "वहिनींना ने," हे म्हणाले.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आता त्या नाहीत. लासूर स्टेशनच्या पुढं आमची शेती आहे, ती त्यांनी आणि थोरल्या दिरांनी सांभाळली. आम्ही दोघं नोकरीसाठी शहरात आलो आणि इथलेच झालो. आम्ही घर बांधलं तेव्हा मागच्या दारातून ज्वारी दिसायची. आता शेजाऱ्यांच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. मात्र पाऊस नाही आला की गाव आणि शहर सारखंच होतं, तिथंही टँकर आणि इथंही टँकर.

त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. विहिरीचा तळ उघडा पडला होता. जनावरं चारा छावणीत होती, त्यांच्यामागं दीर छावणीत, आणि शेतात हात लावायला काही नाही म्हणून अक्का आमच्याकडं राहायला आल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या इतके दिवस रिकाम्या कधीच बसल्या नव्हत्या. रिकामपण त्यांना सोसवत नव्हतं, म्हणून निवडलेले गहूच त्या पुन्हा निवडत.

बोटीचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील? घरची जनावरं छावणीत अन् ही निघाली बोटीत." पण नाही मात्र म्हणाल्या नाहीत. मी लगेच बॅग काढली.

निघायच्या दिवशी शेजारणीनं आम्हा दोघींची ओटी भरली. अक्कांनी रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे तिच्या ताटात परत टाकले आणि उरलेले तांदूळ एका रुमालात बांधून बॅगेत ठेवले. माझी घाई चाललेली. मी माझे तांदूळ सरळ डब्यात ओतले आणि रिक्षाला हाक मारली.

बोटीवर अक्कांचा पहिला प्रश्न होता, "बादली कुठंय?" खोलीला लागून चकचकीत न्हाणीघर होतं, नळ फिरवला की गरम पाणी होतं, पण बादली नव्हती. अक्कांना हे लक्षण काही बरं वाटलं नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर खोलीतले दोन्ही ग्लास, चहाची किटली आणि न्हाणीघरातला कचऱ्याचा डबासुद्धा घासूनपुसून पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलेला. "सकाळी नाय आलं तर?" त्या म्हणाल्या. सकाळी सफाईवाला आला, त्यानं सगळं ओतून टाकलं. अक्कांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. तो गेल्यावर त्यांनी सगळं पुन्हा भरलं.

पण सकाळी वरच्या मजल्यावर, उघड्यावर, खुर्च्या मांडलेल्या असत. तिथं अक्का जाऊन बसल्या आणि त्यांचं काहीतरी बदललं. समोर फक्त पाणी आणि ऊन. कुणीतरी चहा आणून दिला. त्यांनी कप संपवला आणि सवयीनं विसळायला उठल्या, तर तोही कुणीतरी उचलून नेला. मग त्या परत बसल्या. पाण्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, घर आठवतंय.

"इथं मला कुणी ऊठ म्हणत नाय," त्या म्हणाल्या. "लई भारी वाटतंय गं."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. त्यांना काय आवडतं, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणघराच्या बाहेर एक टेबल होतं. तिथं गळ्यात रुमाल बांधलेली एक हसतमुख मुलगी बसे. पुढच्या सफरीचं बुकिंग इथंच, बोटीवर असतानाच करायचं. थोडे पैसे आत्ता भरायचे, तारीख मागाहून ठरवायची. उतरून घरी गेलात की ही सवलत गेली. आमच्या पुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांनी ही सफर म्हणे मागच्या बोटीवर बसूनच ठरवली होती, आणि आता यावरून त्याच्या पुढची ठरवत होते. मला ते फार आवडलं. मी अक्कांचा हात धरला. "आपणही करू. दोघींचं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुर्च्या."

अक्कांचे डोळे क्षणभर चमकले. खोटं नाही सांगत, मी पाहिले. मग त्यांनी हात सोडवून घेतला.

"पाऊस पडल्याबिगर पुढचं बोलत नाय आपण."

हे वाक्य मी आमच्या घरात किती वेळा ऐकलं असेल! आमच्याकडं सगळं पाऊसपाणी झाल्यावर. नणंदेचं लग्न पाऊसपाणी झाल्यावर, सासूबाईंची कवळी पाऊसपाणी झाल्यावर. इतकंच काय, ह्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला येत असताना आमचा फ्रीजसुद्धा एका कोरड्या वर्षी पावसाची वाट पाहत थांबला होता. पावसाचा आणि फ्रीजचा काय संबंध, असं मी तेव्हा विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

"अहो अक्का, तारीखसुद्धा द्यायची नाहीये," मी म्हणाले.

"तारीख नाय, पण शब्द तर हाय ना. तो पाळता नाय आला तर?"

ती मुलगी हसत म्हणाली, "आंटी, कॅन्सलपण होतं."

"शब्द?" अक्कांनी तिला विचारलं. ती बिचारी समोरचे फॉर्म नीट लावू लागली.

मला राग आला. माझा राग काही गोड नाही, घरादाराला माहीत आहे. मी म्हणाले, "बसा मग ढगांकडं बघत," आणि रात्रीच्या जेवणाला त्यांच्याशी धड बोलले नाही. मी एकटीनंही बुकिंग केलं नाही. त्यांच्याविना शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत चहा पिण्यात मला काय गोडी?

शेवटच्या सकाळी मुंबई दिसू लागली तेव्हा अक्का कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, चिमटीत तांदूळ घेतले आणि खाली पाण्यात सोडले. मग आणखी एक चिमूट. माझा राग अजून उतरला नव्हता.

"माशांना टाकताय का?"

"व्हय, असंच," त्या म्हणाल्या आणि उरलेले तांदूळ परत बांधून ठेवले.

पुढच्या वर्षी पाऊस आला. नुसता आला नाही, विहिरीत वाकून हातानं पाणी घेता येईल इतका आला. मी लगेच लासूरला फोन लावला. "अक्का, झालं ना पाऊसपाणी? चला."

"औंदा कुठं जमतंय गं? कपाशी येचायला आलीय. बाया मिळंनात."

कपाशी झाल्यावर फोन केला तर कांदे. कांदे झाल्यावर गहू. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पाऊस नव्हता तेव्हा पाऊस नाही म्हणून नाही, आणि पाऊस आला तेव्हा पाऊस आला म्हणून नाही. मी फोनवर भांडायचे, त्या हसायच्या. मला हे कळायला फार उशीर लागला, की त्यांना उभ्या आयुष्यात एकदाच मोकळीक मिळाली होती आणि ती त्या दुष्काळानं दिली होती. हे त्यांनाही कळत असणार. पण दुष्काळात सुख झालं, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? शेजारच्या वस्तीवरची माणसं घागरी घेऊन उन्हात उभी होती.

चांगली वर्षं भराभर गेली. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं, त्याच्या नावाच्या पाट्या बदलल्या, गारखेड्यात इमारतींवर इमारती चढल्या आणि नळाचे दिवस मात्र आणखी लांबले. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. टाकी भरायचा कायदा आता मी पाळायला लागले. नळाचा आवाज आला की हे अंथरुणातून डाव्या हातानं मला खुणा करत.

मग पुन्हा एका वर्षी पाऊस दडी मारून बसला. पेरलेलं करपलं. एका सकाळी मी ह्यांना पेज भरवत होते तेव्हा फोन वाजला. अक्का एरवी आपणहून कधी फोन करत नसत.

"काय झालं अक्का?"

"काय नाय. औंदा शेतात काहीच नाय गं." मग थोडं थांबून, लहान मुलीनं जत्रेचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुझी ती बोट चालू हाय का अजून?"

माझ्या एका हातात पेजेची वाटी होती. ह्यांच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती, ती मी पदरानं पुसली. इतकी वर्षं मी ज्या फोनची वाट पाहिली तो आला होता, आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"ह्यांना जरा बरं वाटू द्या अक्का. मग बघू."

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. मला रडू यायला लागलं.

"व्हय व्हय," त्या घाईनं म्हणाल्या. "आधी भावजींचं बघ. बोट कुठं पळून चाललीय? मी दाणे ठिवून आलेय तिथं."

"कसले दाणे?"

"विसरलीस व्हय? ओटीतले. माहेराहून निघताना परत ठिवतो नं आपण, पुन्यांदा यायला मिळावं म्हणून. तुला वाटलं माशांला टाकले!" त्या हसल्या. "दोन डाव टाकले बघ. एक चिमूट माझी, अन् एक तुझ्या वाटची. तू रागात होतीस, तुझ्या काय ध्यानात येणार?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली. तिकडून कुणीतरी त्यांना जोरात हाक मारली, आणि हंडे वाजल्याचा आवाज आला.

"ठिवते आता," अक्का म्हणाल्या. "टँकर आलाय."