पत्र्याखालचा बर्फ

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या फ्रेमवाल्याचं एकच पालुपद: "झालंच समजा, ताई." बोलताना मान वर करेल तर शपथ! कुणा फ्रेंच चित्रकाराच्या बर्फाळ रस्त्याची माझी प्रिंट त्याच्याकडे महिनाभर पडून. ऐन मेमध्ये चौथी खेप घातली, ती भांडायच्या तयारीनेच.

फ्रेम तयार होती! तापलेल्या पत्र्याखाली घामाघूम होऊन हा पट्ट्या कापत होता आणि समोरच्या भिंतीवर माझं चित्र टांगलेलं.

"अहो, हे काय?"

त्याने मान वर केली, ती चित्राकडे बघायला. "बर्फावरची सावली निळी आहे. बघितलंत?"

सहा वर्षं प्रिंट माझ्या कपाटात होती. नव्हतं बघितलं.

"पाऊस लागला की न्या ना, ताई."

भांडायला गेलेली मी "बरं" म्हणून परत आले.