शेषरावांची तलवार

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसतं काळं वावर आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, ढेकळं उन्हानं तडकलेली, मागे एक लिंबाचं झाड. मधोमध कानांना हेडफोन लावून, टोकाला थाळी बसवलेली काठी आरतीच्या तबकासारखी फिरवत नायक येतो. शेषराव इंगोले. प्रेक्षक एकच, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी गंगूबाई. त्यांना टाळी वाजवण्याची मुळीच इच्छा नव्हती.

जन्मभर शेषराव धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसले. तिथं गाडीवाले अदबीनं बोलत. निवृत्त होऊन गावी आले तर कुत्रंही बाजूला होईना. मग त्यांनी जमिनीतलं लोखंड शोधणारं हे यंत्र मागवलं. खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं ठळक छापलं होतं. शेषरावांनी आधी त्या अक्षरांवर गाविलगडाचं चित्र चिकटवलं.

“आपले पूर्वज गडावर किल्लेदार होते,” ते म्हणत.

“किल्लेदारायले भाजी पोचवत असतीन,” गंगूबाई म्हणत.

यंत्रानं आजवर काय दिलं? ट्रॅक्टरचे नट, फवारणीच्या डब्यांची झाकणं, आणि बैलाच्या खुराला ठोकतात तसली एक गंजकी पत्री. ती शेषरावांनी लाल कापडावर ठेवून बैठकीत टांगली. घोडदळाची नाल म्हणे! जुन्या नाटक कंपन्यांत लाकडी तलवारीला चांदीचा वर्ख लावत. तो खोटेपणा निदान चकाकायचा तरी.

पण गंगूबाईंचा खरा राग त्या धुऱ्यावर होता. शेजारचं वावर थोरल्या घरच्या चुलत भासऱ्यांचं, म्हणजे शेषरावांच्या मोठ्या चुलतभावाचं, महादेवरावांचं. मधला धुरा सासऱ्यांच्या वेळेपासून दर नांगरटीला तसूतसूनं महादेवरावांच्या वावरात सरकत गेला होता. धुऱ्याच्या दगडाला पाय नसतात, पण या घरच्या नांगराला दात होते. आजोबांनी वाटणी करताना वखराची पास, म्हणजे जमीन खरवडणारं लोखंडी पातं, मोडून अर्धं धुऱ्याखाली पुरलं आणि अर्धं थोरल्या घरी ठेवलं, असं महादेवराव सांगत. शेषराव हसत. “भाकडकथा हाये थोरल्या घरची!”

आता महादेवरावांच्या लेकीचं, रागिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. ही पोर गंगूबाईंच्या कडेवर वाढलेली. आणि शेषरावांचं फर्मान काय, तर आधी त्यायनं धुऱ्याचा तंटा सोडावा, मग अक्षता. तोवर या घरातून कोणी त्या मांडवात पाऊल टाकायचं नाही.

तेवढ्यात यंत्र किंचाळलं. आपल्या वावरात चांगलं आतवर, शेषराव गुडघ्यांवर बसले आणि कुदळीनं उकरू लागले. हातभर लांबीचं, एका बाजूला धार असलेलं, दुसऱ्या टोकाला मोडलेलं लोखंड वर आलं.

“तलवार!” ते ओरडले. “गंगे, पाह्य! तलवार!”

गंगूबाईंनी पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या घरच्या देवळीत त्या असंच अर्धं लोखंड पाहत आल्या होत्या. त्यांनी एक घाटा सोलून दाणा तोंडात टाकला.

“आवो, एकट्यानं काय पाह्यता?” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “गाव बोलवा. थोरल्या घरी बी सांगावा धाडा. पाहू द्या त्यायले, आपलं घराणं काय होतं ते.”

हे शेषरावांना एकदम पटलं. थोरल्या घरचा सांगावा मात्र गंगूबाईंनी आपल्या शब्दांत धाडला. दुपारपर्यंत वावरात माणसं जमली. खड्ड्याभोवती चुन्याचं रिंगण, मध्ये भगवा झेंडा, शेषरावांच्या डोक्याला लग्नातला फेटा. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, की तो माणूस भूमिकेत पुरता शिरला होता.

महादेवराव काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. लोखंडाकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

“कुठी सापडलं म्हणतोस, शेषा?”

“इथीसा! या झेंड्याखाली.”

“इकडंतिकडं सरकलं तं नसीन?”

“सरकते काय? हातभर खाली, घट्ट बसलं होतं! यंत्र तसूभर चुकत नाही. सारे साक्षी हायेत ना?”

“हाओ,” सगळे म्हणाले.

वैरी एवढ्या आपुलकीनं विचारतोय, या आनंदात शेषरावांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, अधिक मोठ्यानं. मग महादेवरावांनी काखेतलं फडकं सोडलं. आत देवळीतलं अर्धं लोखंड होतं, शेंदूर लागलेलं. ते त्यांनी तलवारीच्या मोडक्या टोकाला लावलं. दात दातात बसला. वखराची पास पुरी झाली.

सगळ्यांनी झेंड्याकडे पाहिलं, मग महादेवरावांच्या वावरात दूर सरकलेल्या धुऱ्याकडे. मग एक म्हातारा खोकल्यासारखा हसला आणि पाठोपाठ अख्खं वावर हसलं.

“मंग शेषा,” महादेवराव म्हणाले, “धुरा कुठी व्हय आपला?”

शेषरावांनी फेटा काढला. उत्तर त्यांनीच चुन्यानं आखून ठेवलं होतं.

गंगूबाई उठल्या. घाट्यांची टरफलं झटकली, पदर डोक्यावर घेतला. “तंटा मिटला,” त्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “चला, रागिणीच्या हळदीचं काय काय बाकी हाये थे पाहू.” आणि भासऱ्यांच्या मागोमाग, झेंड्याला वळसा घालून, त्या थोरल्या घराच्या वाटेला लागल्या. माणसंही पांगली.

रिकाम्या वावरात नायक उरला. त्यानं यंत्र उचललं, थाळीवरची माती पुसली, आणि पाठमोऱ्या बायकोला ऐकू जावं म्हणून हाक दिली:

“मशीनच नवशिक्यायचं हाये, गंगे! जागा चुकते त्याची!”