बेटावरचं शेंगदाण्यांचं राज्य

आणीबाणीत सांगलीच्या बाजारात पत्रकं वाटली म्हणून मी तुरुंगात होतो. वेळ जावा म्हणून आम्ही बराकीच्या फरशीवर कोळशानं एक बेट काढायचो. पाळीपाळीनं एकजण त्याचा हुकूमशहा, बाकीचे प्रजा. प्रत्येकाचा एक खडा. घरून आलेले शेंगदाणे म्हणजे बेटाचं धान्य. कुणाला किती द्यायचं, कुणाला बेटावरच्या तुरुंगात टाकायचं, हे हुकूमशहानं ठरवायचं. प्रजेनं बंड केलं की राज्य गेलं.

म्हसवडकडचा एक धिप्पाड माणूस काही दिवस आमच्यात होता. नाव कधी कळलं नाही. त्याची पाळी आली. तो दाणे तळहातावर चोळायचा, फुंकरीनं सालं उडवायचा आणि एकेकाच्या हातावर ठेवायचा. स्वतः शेवटी खायचा. बंड होईना.

"निवडणूक कधी?" मी ओरडलो.

"कशाला रं? समदं ब्येस चाललंय की!" म्हणत त्यानं माझा खडा तुरुंगात सरकवला.

मी इतरांकडं पाहिलं. सरकारविरुद्ध बोलले म्हणूनच सगळे आत आले होते. आता सगळे दाणे चावत होते.

त्यानं माझ्याही हातावर दाणे ठेवले. "खा गड्या. राज्य करनं लय सोपं हाय. लोकांची तोंडं रिकामी ठिवायची न्हाईत."

मी मूठ मिटून बसलो. भूक मात्र लागली होती.