लाल पट्ट्याची मेंढरं: बारामती ते इंदापूर, दोन रंगांत

चित्रं काढत फिरायचं तर सोबत किती रंग घ्यावेत? मला खरंच सांगता येणार नाही. पिंपळीहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत रंगांची मोठी पेटी, मऊ शिशाच्या पेन्सिली आणि आईने दिलेल्या दशम्या होत्या. सगळ्यात उपयोगी पडल्या त्या दशम्या.

थोरले चुलते, तात्या, मेंढरं विकणार होते. गुडघे साथ देत नव्हते आणि मस्कतच्या ऑफिसात असलेल्या त्यांच्या मुलाचा, दत्तूदादाचा, तसा आग्रहच होता. कळप फुटायच्या आत एक चित्र पाठव, एवढंच तो फोनवर म्हणाला. फोटो नको, कारण फोटोत तात्या शिक्षा झाल्यासारखे उभे राहतात.

बारामतीहून इंदापूरची एसटी पकडली. खिडकी मिळेल तर डावी घ्या, सकाळी ऊन लागत नाही, हे मी उजवीकडे बसून शिकले. निमगाव केतकीला उतरून खतासाठी एका शेतात बसवलेल्या तात्यांच्या कळपापाशी पोचले आणि दुपारभर पेन्सिलीने लोकर रंगवत बसले. काकूंनी कोरड्यास आणि भाकरी वाढली. त्यापुढे रस्त्यावरची हॉटेलं विसरा.

दुसऱ्या दिवशी बारामतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये चित्र स्कॅन केलं. बीएमपी फाइल फ्लॉपीत मावेना. जेपेग करून लहान केली, तर नाजूक शेडिंगचा चिखल झाला. तरी ईमेलने पाठवली. दादाचं उत्तर आलं, ‘फाइल उघडेपर्यंत साहेब दोनदा येऊन गेले. मेंढरं छान आहेत, पण कोणाची?’

मेंढरांच्या पाठीवरचा गेरूचा लाल पट्टा, आमच्या घराण्याची निशाणी, मी काढलाच नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी इंदापूरचा बाजार होता.

या वेळी रंगपेटी घरी ठेवली. काळं पेन आणि एक लाल पेन्सिल घेऊन पहिली एसटी गाठली. क्लास चालवणाऱ्या सुवर्णाताईंनी बजावलं होतं, की रेघा ठळक आणि रंग मोजके असले, तर जिफ फाइल हलकी होते आणि रेघही फुटत नाही.

बाजारात पोचले तोवर सौदे सुरू झाले होते. सौदा ठरला, की घेणारा निळीत बुडवलेला बोळा लाल पट्ट्यावर फिरवून आपली निशाणी करत होता. मी धडाधड रेघा ओढत सुटले. एक मिशीवाले गिऱ्हाईक वाकून म्हणाले, “ताई, मला बी घ्या चित्रात. पर मिशी जरा जाड काढा.”

माझ्याकडे निळा रंग नव्हता. मग निळी झालेली मेंढरं मी कोरीच ठेवली. तात्यांनी ते पाहिलं. “समद्यांना लाल लाव की गं. त्या पोराला एकडाव कळप एकत्र दिसू दे.”

“बसा तुमी,” काकू म्हणाल्या. “इकून बी तुमचीच म्हणायची व्हय?”

मी पुढचं मेंढरू काढायला घेतलं. क्लासमध्ये चित्र स्कॅन झालं, तेव्हा कॉम्प्युटरवरच्या पेंटमधली रंगाची बादली समोरच होती. मेंढरू बंद रेघेचं असेल, तर एका क्लिकला लाल. मी एकावर ओतून पाहिलं. पायाशी रेघ तुटलेली होती, अख्खा बाजार लाल झाला. हसू आवरून ते रद्द केलं. दुसऱ्या मेंढरावर मात्र बादली न्यावीशी वाटेना. होतं तसंच जिफ करून पाठवलं, आणि दोन दिवस धास्तावून राहिले.

दादाचं उत्तर आलं. ‘लगेच उघडलं. लाल पट्टा पाहून डोळे भरले. पांढरी कुणाकडं गेली?’

परवा तात्या-काकू पिंपळीला आले. मी दादाचा निरोप वाचून दाखवला. तात्यांनी चित्र जवळ ओढलं. मग चित्रावर बोट ठेवत म्हणाले, “ही शिंगमोडी लोणी भापकरला. ही दोन माळेगावला, त्या मिशीवाल्याकडं.” एकेक करत त्यांनी सगळ्यांची गावं सांगितली. “रजेवर आला म्हंजी जाऊन बघंल.”

कोऱ्या पाठींवर काळ्या पेनने ती सगळी गावं लिहिली, चित्र पुन्हा स्कॅन केलं आणि कालच माझ्या वेबसाइटच्या या पानावर लावलं.