तळाची माती

माझ्याकडे समुद्रात बुडी मारायचं कार्ड आहे. प्लास्टिकचं, एवढंसं, आणि त्यावरच्या फोटोत मी भेदरलेल्या शेळीसारखी दिसते. हवेची टाकी पाठीवर घेऊन अठरा मीटर खोल जायची परवानगी त्या कार्डानं मला दिली आहे. ते मिळालं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, नवऱ्याचं घर सोडून वडिलांकडे परत आलेली, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एका कचेरीत कारकून. त्याआधी कित्येक वर्षांत मला कुणी कशात पास केलं नव्हतं.

कचेरीत चेष्टा व्हायचीच. "म्याडम, आमच्याकडं नळाला आठ दिसांनी पाणी येतंय, अन् तुमी पाण्याखाली जायला रजा टाकताय व्हय?" मीही हसून घ्यायचे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र त्यात नवल वाटलं नाही. पोहायला मला त्यांनीच शिकवलं होतं. गावातल्या दोन पिढ्यांच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्यांनी पोरं आमच्या विहिरीत ढकलली होती. विहीर आठ परस, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल. डबा सुटला की शेवटची परीक्षा असायची. तळाला जायचं, मूठभर माती घ्यायची आणि वर येऊन अण्णांपुढं मूठ उघडायची. काही चलाख पोरं मधल्या कपारीतलीच माती उकरून आणायची. अण्णा ती चिमटीत चोळायचे, वास घ्यायचे आणि पोराला परत पाण्यात ढकलायचे. मी नऊ वर्षांची असताना माझी माती त्यांनी अशीच चोळली होती. काळी, मऊ, मधे चुनखडीची पांढरी कच. "हां, ही तळाची हाय," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला खांद्यावर बसवून घरी नेलं.

"आपल्या हिरीचा तळ कोरड्या पायानं कुणीच बघितला न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पाहुणे आले की त्यांना चहाच्या आधी हे ऐकावं लागायचं.

मालवणला शिकून, चार बुड्या मारून मी कार्ड घेऊन आले आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"माती कुठं हाय?"

"अण्णा, तिथं तळाला हात लावायचा नसतो. खालचं काही उचलायचं नसतं. नियम आहे."

"मग तळाला गेलतीस कशावरून?"

"हे कार्ड दिलंय की त्यांनी!"

"कागुद म्हंजे माती न्हवं, माय," ते म्हणाले आणि कार्ड परत दिलं.

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन सांगितलं की एप्रिलच्या शेवटी मालवणला सोबत शिकलेला आमचा गट कर्नाटकाच्या किनाऱ्यावर एका बेटाजवळ जाणार आहे, शिकाऊ म्हणून नाही, कार्डवाले म्हणून. ही माझी पहिली खरी सहल. तिथून नियम मोडून का होईना, मूठभर माती आणीन. अण्णा उठले, तंबाखूची डबी रिकामी केली, राखेनं घासली आणि उन्हात ठेवली. "हिच्यात आण," म्हणाले. चाळीस वर्षं जी डबी त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती, ती त्यांनी माझ्या बॅगेत स्वतः ठेवली.

तयारी महिनाभर चालली. बुडीच्या नव्या मुखवट्याच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून ती टूथपेस्टनं घासायची असते. मी अंगणात बसून घासत होते तर अण्णा म्हणाले, "चष्म्याला दात आलेत काय?" मी मुखवटा लावून, नाक बंद करून, तोंडानं श्वास घेत भांडी घासायचे. शेजारीण दारातूनच माघारी गेली. इतके आनंदाचे दिवस माझ्या वाट्याला फार आले नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

एक गोष्ट मात्र मी लपवत होते. विहीर मार्चातच आटली होती. गुडघ्यांमुळं अण्णांचं शेतात जाणं वर्षापूर्वीच थांबलं होतं. संध्याकाळी ते विचारायचे, "पाणी किती हाय?" आणि मी सांगायचे, "चार परस." ते मान डोलवायचे. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

निघायला तीन दिवस असताना सकाळी अण्णांच्या हातातून कप पडला. मी ओरडणार होते, तेवढ्यात त्यांचं तोंड वाकडं झालेलं दिसलं. डावी बाजू गेली होती. धाराशिवच्या दवाखान्यात आम्ही नऊ दिवस होतो, मी आणि माझी आत्या. ज्या दिवशी गट पाण्यात उतरला, त्या दिवशी दुपारी फोनवर कासवाचा फोटो आला. निळ्या पाण्यात निवांत निघालेलं कासव. मी अण्णांच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते आणि मनात म्हणत होते, आणखी आठ दिवस थांबायला काय झालं होतं तुम्हाला? आज त्याची लाज वाटते. पण राग खरा होता आणि तो त्यांच्यावरच होता.

पाचव्या दिवशी त्यांना जरा वाचा आली. पहिलाच प्रश्न, अडखळत, "गेलतीस का?"

आत्यानं मला कोपर मारलं. "व्हय म्हण."

"हो अण्णा. जाऊन आले."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. "माती?"

"घरी आहे. डबीत."

मला वाटलं, विसरतील. घरी आल्यावर ते जेवल्याचं विसरायचे, आई वारल्याचं विसरायचे आणि तिला हाका मारायचे. माती विसरले नाहीत. सकाळी विचारायचे, तिन्हीसांजेला विचारायचे. मी म्हणायचे, उद्या दाखवते.

शेवटी एका दुपारी डबी घेऊन विहिरीवर गेले. भिंतीतल्या दगडी पायऱ्यांनी उतरायला लागले. अर्ध्यात आले तेव्हा माझा हात आपोआप नाकाकडे गेला. खोल पाण्यात कान दुखू नयेत म्हणून नाक चिमटून फुंकायचं शिकवलेलं, ते हाताच्या लक्षात होतं. इथं तर पाणीच नव्हतं. खाली एक तुटकी चप्पल, तेलाचा डबा, कडेला थोडा ओला गाळ. वर आभाळ ताटाएवढं. एवढी तयारी करून मी शेवटी पोचले होते ती इथं, पायात चपला घालून. मी तिथं बसले आणि पोटभर रडले. वरपर्यंत ऐकू जाणार नाही, एवढी एक सोय होती.

गाळ डबीत भरला. घरी येऊन त्यात चमचाभर मीठ कालवलं. समुद्राची म्हणायची तर खारट हवी, एवढी अक्कल मी लावली.

अण्णा उशाला टेकून बसले होते. मी डबी उघडून पुढं धरली. त्यांनी उजव्या हातानं चिमूटभर माती घेतली आणि चोळली. फार वेळ चोळली. वास घेतला. बोट जिभेला लावलं.

"मीठ कशाला घातलंस?" ते म्हणाले.

आत्या स्वयंपाकघरात निघून गेली.

"आपल्या हिरीची हाय ही. तळाची हाय." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू गेलीच न्हाईस. माझ्यापायी राह्यलीस."

"पुढच्या वर्षी जाईन, अण्णा."

त्यांचं माझ्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. ते माझ्या डोक्याकडं बघत होते. त्यांनी चांगला हात उचलला, मातीच्या बोटांनी माझी वेणी चाचपली, टोकापर्यंत. माती अजून ओली होती, वेणी मात्र कोरडी.

"हीर आटली व्हय?" त्यांनी विचारलं.

चार परस म्हणायला मी तोंड उघडलं. मग हो म्हणून नुसती मान हलवली. त्यांनी डबी मिटायचा प्रयत्न केला, एका हातानं जमेना, म्हणून मीच ती मिटली. त्यानंतर अण्णांनी मला समुद्राचं कधी विचारलं नाही, आणि विहिरीत पाणी किती आहे, तेही विचारलं नाही.