जंपिंगचा विमा

जत्रेत, शाळेच्या गॅदरिंगला, कॉलनीच्या गणपतीत हवा भरून उभा करतात तो लेकरांच्या उड्या मारायचा रंगीत महाल माझ्या मालकीचा आहे. आमच्याकडे त्याला जंपिंग म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात देवगाव फाट्याजवळच्या एका लग्नात वावटळ आली आणि तिनं आमचं जंपिंग खुंट्यांसकट उचलून शेजारच्या कुंपणावर नेऊन टाकलं. लेकरं नेमकी जेवायला गेली होती म्हणून निभावलं. वऱ्हाडी हसले, मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी माझ्या पोरीला आत सोडणं बंद केलं. ती हवा भरणाऱ्या ब्लोअरशेजारी बसायची, दुसऱ्यांची लेकरं उड्या मारताना बघायची आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायची नाही.

म्हणून झरीकडच्या एका गावच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "औंदा विम्याचा कागद आणा, न्हाईतर जागा न्हाई," तेव्हा मला राग आला नाही. हायसंच वाटलं. कुणाच्या लेकराचा हात मोडला तर निदान दवाखान्याची सोय होईल. मला तेवढंच हवं होतं.

परभणीतला एक विमा एजंट माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा. लेकरांना लागलं-खुपलं तर भरपाई मिळावी असा विमा पाहिजे, हे त्याला नीट समजावलं. त्यानं विचारलं, "चेसिस नंबर?"

"त्याला चाकंच न्हाईत."

"मंग इंजिन नंबर?"

"अहो, हवेवर उभं राहतं ते."

त्याच्या ऑफिसातल्या बाकावर एक धनगर आजोबा बसले होते. त्यांची विमा उतरवलेली शेळी मेली होती आणि तिच्या कानातला बिल्ला ते रुमालात बांधून पुरावा म्हणून घेऊन आले होते. ते मला म्हणाले, "तुमी बी बिल्ला मारून घ्या की त्याला." मला त्यांच्या शेळीचा हेवा वाटला. तिला कान तरी होता.

"बगतो कायतरी. बनी तो बनी, नहीं तो परभणी," एजंट म्हणाला. पुढं चकरा मारून माझ्या चपला झिजल्या. अखेर जत्रेच्या तोंडावर बारीक इंग्रजीतला, शिक्का मारलेला कागद हातात पडला. मी त्यावर माझं नाव शोधलं, सापडलं, आणि सुटलो एकदाचा असं वाटलं.

अध्यक्षांनी त्या कागदाला हळदकुंकू लावलं. ब्लोअरपुढं नारळ फोडला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जंपिंगच्या तोंडाशी टांगला आणि स्वतः भोंग्यावरून सांगितलं, "औंदा जंपिंगचा विमा काढलेला हाय. लेकरं बिनघोर सोडा." लेकरं सोडली. त्या गावात जत्रेच्या दिवशी कुणाच्या लेकराला नाही म्हणायचं नसतं, देव कोपतो म्हणतात. एक बाहेर काढलं की दोन आत शिरायची.

कडेवर लहानगं घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "दादा, लेकरू पडलं तर कुणाला सांगायचं?" प्रश्न बरोबर होता. मी एजंटला फोन लावला.

"दवाखान्यात न्या," तो म्हणाला. "विमा फुग्याचा हाय. जळाला, चोरीला गेला तर मिळंल. लेकरांचा द्यायला कोणतीच कंपनी तयार न्हाई."

"मी लेकरांचाच मागितला होता ना?"

"तुमाला जत्रेत दाखवायला कागद पाहिजे होता. दिला की."

मी अध्यक्षांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आता भोंग्यावर सांगून बसलोय मी. देवाच्या दारात माघार कशी घ्यायची? तुमी कशाला फिकीर करायलाव?" म्हणाले आणि पालखीकडं गेले.

मी भोंगेवाल्याकडं गेलो, तो अध्यक्षांना विचारा म्हणाला. लेकरांना ओरडलो, त्यांना तो खेळच वाटला. ब्लोअर बंद करावा तर महाल लेकरांच्या अंगावर बसणार. सुरू करणारा मीच आणि बंद करता न येणाराही मीच. दुपार कलली तसा वारा सुटला. सोबत आलेली बायको जंपिंगच्या तोंडाशी उभी राहून लेकरं अडवू लागली, आया तिला कागद दाखवू लागल्या. मी वाऱ्याच्या बाजूच्या दोराचं खुंटीपाशी उरलेलं टोक मनगटाला गुंडाळलं. माझ्या वजनानं काय होणार होतं? पण मोकळ्या हातानं उभं राहवेना. मी रडकुंडीला आलो होतो.

त्या बाईला मी म्हणालो, "ताई, विमा लेकरांचा न्हाई. वारा सुटायलाय, नका सोडू."

ती हसली. तिला वाटलं, मी गर्दीला कंटाळलोय. मग तिची नजर ब्लोअरशेजारी बसलेल्या माझ्या पोरीवर गेली. "ही तुमचीच ना? हिला का न्हाई सोडलं आत?"

रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मला उत्तर माहीत होतं. तेच तर मी मघापासून सांगत होतो. पण आतल्या लेकरांच्या आयांसमोर माझं लेकरू बाहेर ठेवायला तोंड उरलं नव्हतं. पोरीनं चपला काढल्याच होत्या.

"जा," मी म्हणालो.

ती आनंदानं किंचाळत आत पळाली. बाईचं समाधान झालं. तिनं कडेवरचं लहानगं खाली उतरवलं आणि तेही आत सोडलं.